देवक न विचारणारा पाहुणा

मु. निंबवाडी (बदनापूर)
माघ शु. ५, शके १८५९

चि. भुजंगास दुर्गाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळे खुशाल. तू अंबडच्या कचेरीत बसून हुरड्याला मुकलास, त्याला माझा इलाज न्हाई.

तर बाबा, नंदाला स्थळ आलंय, तुमच्याच अंबडचं. तिथल्या वतनदार काकासाहेबांच्या धाकट्या लेकासाठी मार्तंडराव म्हणून पाहुणे आल्ते. जरीचा फेटा, कानात भिकबाळी, बोलणं निव्वळ खडीसाखर. तुझे दाजी तर हवेत चालून राह्यले. नंदाचं सतरावं सरत आलं, दोन स्थळं मोडली, बाया तोंडावर विचारू लागल्या, हे तुला ठाऊकच हाय.

पण पाहुणे दोनदा जेवले अन् देवक विचारलं न्हाई! देवक एक निघालं तर आपल्यात लग्नच होत न्हाई, म्हणून पहिला सवाल तोच. यांनी विचारलं काय, तर दागिने अंगावर असतात का पेटीत, परसदाराला कडी हाय का, दाजी राखणीला शेतात निजतात का. दाजी म्हणतात, मीच स्थळाला नजर लावून राह्यले. तू जल्दी चौकशी कर. स्थळ खरं निघालं तर पाच सवाशिणी जेवू घालीन.

लोभ हायच, तो उत्तरातून दिसू दे.
दुर्गाअक्का

ता. क. मामा, आई सांगते अन् मी लिहिते. माझ्याच लग्नाचं मला लिहावं लागतंय, हसू नका. पाहुण्यांनी मला नावसुद्धा विचारलं न्हाई. — नंदा

अंबड
माघ शु. १२

ती. अक्कास भुजंगाचा सा. दंडवत. वि. वि. पत्र पोचताच काकासाहेबांकडे गेलो. त्यांच्या धाकट्याचं लग्न केव्हाच झालंय, आणि मार्तंडराव नावाचं त्यांच्यात कुणीच नाही. त्या भामट्याला पुन्हा उंबरा चढू देऊ नका.

मात्र बाहेर बिलकुल बोलू नको. पोलीस पाटलाला सांगितलंस की पंचक्रोशीत बोभाटा होईल, तिसरंही स्थळ गेलं, तेही खोटं. लोक तेवढंच लक्षात ठेवतील. आपलं काही गेलं नाही, गप्प बसलेलं बरं. भाचीच्या काळजीनं लिहितोय. नंदे, तुझं अक्षर माझ्याहून चांगलं आहे, हे आमच्या कचेरीत कळू देऊ नकोस.

आशीर्वाद असावा, रागावलीस तरी पत्र पाठवावं.
भुजंग

निंबवाडी
फाल्गुन शु. ३

चि. भुजंगास अनेक आशीर्वाद. वि. वि. रागावले न्हाई, पण तुझं ऐकलंही न्हाई.

तुझं पत्र नंदानंच वाचून दाखवलं. मी म्हणले, मामा बराबर म्हणतो, चुलीत घाल ते. तिनं एवढंच विचारलं, की इथं काही मिळालं न्हाई तर तो आता कुणाच्या पोरीला बघायला गेला असंल? मला रडूच आलं. मंग दाजींना घेऊन पोलीस पाटील कचरूभाऊंकडं गेले. पाहिलं अन् ऐकलं तेवढंच सांगितलं, मनचं काही घातलं न्हाई. त्यांनी गावोगाव निरोप धाडले. बोभाटा व्हायचा तो झालाच. मी चार रोज पाणवठ्याची वाट टाळली. नंदा मात्र घागर घेऊन त्याच बायांमधून सरळ जायची.

काल चतुराबाई म्हणून एक बाई गाडी जुंपून आल्या, दोन कोसांवरच्या. त्यांच्या लेकीला बघायला तोच आल्ता! निरोप पोचला होता म्हणून ओळखला, अन् दागिन्यांचं विचारताच पाटलाच्या हवाली केला. बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. नंदानं गूळपाणी दिलं, तशा तिच्याकडं बघतच राह्यल्या. आधी तिचं नाव विचारलं. मंग म्हणल्या, थोरला लेक धर्मराज लग्नाचा हाय. अन् भुजंगा, पदर सावरून त्यांनी लगेच विचारलं, की तुमचं देवक कोणतं.

तुझी माया अशीच राहो, अन् सवड काढून ये.
दुर्गाअक्का

ता. क. मामा, देवक निराळं निघालं. आज अक्षर बिघडलंय, माफी असावी. — नंदा