उघडं राहिलेलं टोक

३ मार्च
दादाच्या कंपनीचा फोन आला तेव्हा मी जिन्यात होते. त्याच्या बेपत्ता जहाजाचा शोध थांबवला म्हणे. थांबवला! वर येऊन आईला म्हटलं, "शोध चालू आहे गं." तोंडातून निघूनच गेलं.

५ मार्च
ऑफिसात माझा प्रोग्राम अडकलाय. एक भाग दुसऱ्याला पाइपमधून, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या नळीतून, आकडे पाठवतो. आकडे पोचले, पाठवणारा कधीच आटपून गेला — पण वाचणारा आपला बसून! आमचा टीमलीड, बोका (पावलं न वाजवता मागे येऊन उभा राहतो), म्हणाला, "अगं, त्याला कळलंय का संपलं ते?" कळणार कसं? संपल्याची वेगळी खूण आकड्यांत नसतेच. आता कुणीच काही पाठवणार नाही हे पक्कं झालं की सिस्टीम वाचणाऱ्याच्या हातात शून्य ठेवते, म्हणजे संपलं. तोवर तो वाट बघणार. नुसतं काही आलं नाही म्हणून तो उठत नाही.

घरी आई भाजी निवडत होती. "आज काही?"
"अजून नाही."

६ मार्च
"आज काही?" "अजून नाही."

९ मार्च
सापडलं! डोकं आपटून घ्यावं अशी चूक. पाइपचं लिहायचं, म्हणजे आकडे आत टाकायचं, टोक ज्याच्या ज्याच्याकडे असेल त्या प्रत्येकाला ते बंद करावं लागतं, तेव्हा कुठे ते शून्य मिळतं. पाठवणाऱ्याने केलं होतं. वाचणाऱ्याकडेही त्याच टोकाची एक प्रत होती, ती बंद करायची मी विसरले. स्वतःच टोक धरून स्वतःच वाट बघत होता, वेडा! एक ओळ घातली, लगेच सुटला. बोका म्हणाला, "पार्टी हवी!" मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आईचं टोक मी धरून बसलेय. दादा, कसं सांगू रे?

१० मार्च
नाही जमलं. उलट आईशीच भांडले. आईने दादाचं जॅकेट धुऊन वॉचमनला देऊन टाकलं — "कुडकुडतो बिचारा." मी ओरडले, "दादा आल्यावर काय घालेल?"

११ मार्च
सांगितलं. आई रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, "कंपनीवाल्यांनी शोध थांबल्याचं सांगायला आधी घरीच फोन केला होता. तुझा नंबर मीच दिला. तू वर येऊन चालू आहे म्हणालीस... वाटलं, तुला अजून थोडे दिवस हवेत. म्हणून रोज 'आज काही?' विचारत होते, बाळा."