कोऱ्या चिठ्ठ्या

चांदूर बाजार, माघ वद्य, सन १९६२

गुणवंत मास्तर तिसऱ्यांदा पडला. बावन साली लय मतांनी, सत्तावनले थोडक्यात, अन् यंदा अगदीच थोडक्यात. यंदा त्याले मीच पाडलं.

मागच्या दोन्ही खेपेस ज्याच्या-त्याच्या चित्राची वेगळी पेटी होती. आपल्या पेटीत चिठ्ठी टाकली की झालं. गल्लीतल्या बायायले मी तसंच शिकवून नेलं. यंदा पेटी एकच. मतदानाच्या खोलीतला बाबू म्हणाला, "आजी, चित्रावर शिक्का मारा." मी म्हटलं, "मले नोको शिकवू, दोनदा मत देऊन बसली मी." शिक्क्याले हातही लावला नाही. माह्यामागं साऱ्या बायांनी तसंच केलं.

निकालाच्या संध्याकाळी मास्तर येऊन पाया पडला. म्हणे, "आजी, आपल्या गल्लीच्या पेटीत कोऱ्या चिठ्ठ्याच लय निघाल्या. त्या धरल्या असत्या तर निवडून आलो असतो. कोनं शिकवलं असन बायायले?"

माह्यामागंच मत देऊन आलेली शेजारची सखू माह्याकडं पाहून राहिली होती. तिच्याआधी मीच बोलली, "बायायले अक्कल कुठं असते, बापू?"

सखू चहा तसाच ठेवून उठून गेली. एवढासा तो शिक्का, उचलला असता तर काय हात झिजला असता?

पुढच्या खेपेस सखू माह्यासोबत येईन का? तिच्या जागी मी असती, तर नसती आली.