निताचा बघण्याचा कार्यक्रम आणि साठचा बल्ब

तांडा, कनेरगाव नाका
गुरुवार, १८ जून २००९

तीर्थरूप देविदास दाजींच्या पायांवर धाकटा मेव्हणा फुलसिंग याचं डोकं.

तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची शुगर? (अक्का म्हणते की ती चहात साखर घेत नाही. मी तिचा सख्खा भाऊ आहे, माझा विश्वास नाही.) इकडे सेवालाल महाराजांच्या कृपेने सगळे खुशाल. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि तुमचं बोलणं होईपर्यंत माझा बॅलन्स संपतो. शिवाय जे घडलं ते फोनवर बोलण्यासारखं नाही, हे तुम्हाला पुढे कळेलच.

रविवारी आमच्या निताला बघायला पाहुणे येऊन गेले. स्थळ तुम्ही आणलेलं, म्हणून सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. ठरलंही तुमच्याच सांगण्याप्रमाणे होतं, की स्थळ जमलं तर निताचं नांदेडला एम.एस्सी. करणं बंद. पोरगी फिजिक्स घेऊन कॉलेजात पहिली आली, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, तारे मोजून तिला काय मिळणार? ती उत्तर द्यायला लागली होती, पण तोवर तुमचा डोळा लागला होता.

कार्यक्रम दुपारी ठेवला, कारण या आठवड्यात आमच्याकडे लाईट दुपारी असते आणि पंखा बंद असताना पाहुण्यांना शिरा खाऊ घालणं बरं दिसत नाही. मुलगा सुदाम वीज खात्यात इंजिनिअर, हे तुम्ही सांगितलं होतं. तो अजिबात बोलत नाही, हे सांगितलं नव्हतं. त्याच्या वाटचं त्याचे वडील रामसिंग बोलतात. त्यांनी निताला विचारलं, तुला कशाची आवड? निताच्या आईने, पारुबाईने, पोरीकडून दोन दिवस घोकून घेतलं होतं, की भरतकाम आणि स्वयंपाक म्हणायचं. निता म्हणाली, दुर्बीण. पारुबाई आपल्या गोरमाटी बोलीत काहीतरी पुटपुटली, ते इथे लिहीत नाही.

मग निताने त्यांना सांगितलं, की मार्चात अमेरिकेने केपलर नावाची दुर्बीण वर सोडली आहे. ती आकाशाच्या एकाच तुकड्याकडे टक लावून बसते, लाखावर ताऱ्यांकडे एकदम. (एवढा वेळ एका जागी बघत बसणं मला फक्त तुमच्या बाबतीत माहीत होतं, हळदीचा भाव पडतो तेव्हा.) त्या ताऱ्यांचे ग्रह काही दिसत नाहीत. पण ग्रह ताऱ्यापुढून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. किती उतरला त्यावरून ग्रह केवढा ते काढायचं, आणि किती दिवसांनी पुन्हा उतरला त्यावरून त्याचं वर्ष केवढं ते. रामसिंग म्हणाले, "न दिसता मापून राहिले?" तेव्हा सुदामने पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "मग वर काहून नेली? खालून न्हाई जमत?" निता म्हणाली, "खालून हवेमुळं उजेड थरथरतो. आपल्या व्होल्टेजवानी." पोरगा हसला. दाजी, त्या क्षणी मला वाटलं, जमलं. मग आठवलं, जमलं म्हणजे नांदेड गेलं.

पण निताला तेवढ्यावर थांबवेना. तिने खिडकी लावून घेतली आणि सगळ्यांना साठ वॅटच्या बल्बकडे बघायला बसवलं. बल्ब जरासा उतरला, तशी म्हणाली, ही तीन हॉर्सपॉवरची मोटर सुरू झाली. जास्त उतरला, ही पाचची. हे तांड्यात सगळ्यांनाच समजतं. मग बल्ब एकदम निखाऱ्याएवढा झाला. ही साडेसातची, निता म्हणाली, आणि ही थोडा वेळ चालून बंद पडेल. बंद पडली. आता पाव तासाने पुन्हा सुरू होईल. झाली. रामसिंगांना एवढी गोडी लागली, की दुसरा चहा त्यांनी बल्बवरची नजर न काढता पिला आणि थोडा धोतरावर सांडला. निता म्हणाली, "मोटर मोठी, पण विहिरीला झरा बारीक. पाणी उपसलं की थांबावं लागतंय." सुदाम म्हणाला, "या लाईनवर साडेसातचं कनेक्शनच न्हाई. कोणाची हाय?" निता म्हणाली, "दुर्बीण नाव सांगत न्हाई."

मी कंडक्टर माणूस. गाडीत कोणी तिकीट काढलं नाही हे मी तोंडावरून ओळखतो. खोलीतल्या आमच्या सगळ्यांची तोंडं तशी झाली होती. इथल्या नाल्याकाठची आटत आलेली विहीर कोणाची आणि तिच्यावर हौसेने एवढी मोटर कोणी बसवली, हे कोणाला माहीत नाही? पण नाव कोण घेणार? तुमचा मान आहे. तेवढ्यात तुमचा सालगडी संतराम गुडघाभर चिखलाने माखलेला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाजीच्या हळदीला समदं पाणी आजच देऊ, का पाहुणे गेल्यावर देऊ?"

सुदामने प्यायला पाणी मागितलं. जाताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाला, "आज मी पाहुणा हाय, मामा. दुसऱ्या सोमवारी ड्युटीवर येतो." पोरगा भला आहे.

अक्काला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
फुलसिंग

ता. क. : दुसरा सोमवार म्हणजे येत्या बावीस तारखेचा. पत्र शनिवारी मिळेल. रविवारी मोटरचा तारेवरचा आकडा काढून घ्या.

ता. क. २ : रामसिंगांचा निरोप आला. पोरगी हुशार आहे, पण अशी सून आली तर घरात झाकून काहीच राहायचं नाही, म्हणून नको म्हणतात. पारुबाई दोन दिवस जेवली नाही. मी जेवलो. खरं सांगतो, पोटभर जेवलो. त्या दिवशी सगळे बल्बकडे बघत होते आणि मी निताकडे बघत होतो. पोरीला मी एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

ता. क. ३ : तुमच्या नांदेडच्या घरातली वरची खोली निताला दोन वर्षं द्यावी, ही विनंती. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुम्ही विचार करून कळवा असं लिहिणार होतो, पण प्रवेशाची मुदत उद्या संपते. उद्या हिंगोली-नांदेड गाडीवर माझीच ड्युटी आहे. निता हिंगोलीला बसेल, अक्का तुमच्या वसमतला. ती नातवाला बघायला गेली असं तुम्हाला वाटत असेल. खोलीची किल्ली तिच्याकडे आहे. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर मला कळवू नका, अक्का रविवारी परत आली की तिलाच समोर बसवून सांगा.