तरीजवळच्या जागेबाबत

प्रति,
मे. वसाहत अधिकारीसाहेब,
पुनर्वसाहत कचेरी, आडबंदर.

अर्जदार : जासिंत पास्कू फर्नांडिस, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ५९ वर्षे, राहणार किनारवाडी, मौजे आडबंदर, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी.

विषय : क्षयाने आजारी असलेल्या पत्नीच्या उपचाराच्या सोयीसाठी खाडीच्या तरीलगत घरबांधणीची जागा मिळणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : आपल्या कचेरीची पत्रे दि. ८ जानेवारी, दि. १९ फेब्रुवारी व दि. २३ एप्रिल १९६२.

महोदय,

१. गेल्या दोन पावसाळ्यांत किनारवाडीच्या एकवीस घरांपैकी नऊ घरांची जोती समुद्रात गेली. त्या नऊ व उरलेल्या बारा घरांना सरकारने नवी जागा देऊ केली, याबद्दल अर्जदार सरकारचा आभारी आहे. सड्यावरचा माळ, वाडीमागची वाळूची पुळण आणि खाडीच्या तरीलगतची पट्टी अशा तीन जागा दाखवून प्रत्येक कुटुंबाने आपली पसंती लिहून द्यावी, असे सांगण्यात आले. कोणी गोड्या पाण्याची विहीर पाहिली, कोणी भावकी पाहिली, कोणी देवळाची वाट पाहिली. अर्जदाराने फक्त इंजेक्शन पाहिले.

२. अर्जदाराची पत्नी पिएदाद, वय ४६, हिला क्षय आहे. तिला एक दिवसाआड इंजेक्शन घ्यावे लागते व ते देणारा दवाखाना खाडीच्या पलीकडे आहे. किनारवाडीपासून होडीची तर दीड मैल, तोही पुळणीतून. खुर्चीला दोन वासे बांधून अर्जदार व शेजारी गंगाराम तिला नेतात. गंगारामलाही पोट आहे, तो रोज मोकळा नसतो. कधी वेळेवर पोचावे तर तरवाला बाबली हात जोडतो, "मास्तर, भरती लागली, आता तर सुटाची नाय." मग तीच खुर्ची उचलून परत. डिसेंबरपासून अकरा इंजेक्शने अशी चुकली आहेत. असेच खंड पडत राहिले तर औषध तिला पुढे लागूच पडणार नाही, असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. तरीलगत घर असेल तर होडी सुटेल तेव्हा ती दहा पावलांत होडीत बसेल. सड्यावरची हवा चांगली आहे हे अर्जदार जाणतो, पण तेथून खाली यायला एकशे ऐंशी पायऱ्या आहेत आणि वीस पायऱ्यांत तिला दोनदा बसावे लागते.

३. पहिल्या अर्जात अर्जदाराने लिहिले होते, "अर्जदारास तरीजवळ जागा मिळावी." आमच्याकडे खाडी ओलांडणाऱ्या होडीला आणि ती लागते त्या ठिकाणाला तर म्हणतात, हे येथील शेंबडे पोरही सांगेल. आपल्या कचेरीतील कारकून घाटावरून नवीन आलेले आहेत. त्यांनी 'री' आणि 'ज' यांच्यामध्ये तांबड्या शाईची उभी रेघ मारून "तरी जवळ जागा मिळावी" असे वाचले. समासात शेराही लिहिला : "अर्जदार ख्रिस्ती असल्याने शुद्धलेखनाच्या चुका क्षम्य." मग कशाच्या जवळ, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा त्यांनी राहत्या घराच्या जवळ, असा तर्क केला. त्यानुसार अर्जदारास वाडीमागच्या पुळणीतील भूखंड क्रमांक ७ मंजूर झाला. तो अर्जदाराच्या पडक्या पडवीपासून चाळीस पावलांवर आहे. मार्चच्या उधाणात त्याची हद्दीची खुंटी वाहून गेली.

४. अर्जदाराने एकतीस वर्षे मुलांना मराठी शुद्धलेखन शिकवले. जोडून लिहायचे शब्द तोडून लिहिणाऱ्या मुलांना मी उभे केले आहे. या शेऱ्याचा मला राग आला आणि अजून आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु रागापायी पत्नीचे नुकसान नको म्हणून दुसऱ्या अर्जात 'तर' हा शब्दच टाळला व "होडीच्या धक्क्याजवळ" असे लिहिले. त्यास उत्तर आले की मौजे आडबंदर येथे सरकारी दप्तरी कोणताही धक्का नाही, सबब अस्तित्वात नसलेल्या बांधकामाजवळ जागा देता येत नाही. हे उत्तर खरे आहे. आमच्याकडे होडी वाळूलाच लागते. शहाणपणा करायला गेलो आणि स्वतःच्याच हाताने दीड महिना घालवला.

५. तिसऱ्या अर्जासोबत हाताने काढलेला नकाशा जोडला. त्यावरून स्थळपाहणी झाली. मात्र तरीलगत राहणाऱ्या सात घरांची लेखी संमती आणावी, कारण रोग सांसर्गिक आहे, असे तोंडी सांगण्यात आले. अर्जदार सातही घरी गेला. पाच घरांनी अंगठे दिले. एका घराने दार उघडले नाही. सातव्या घरच्या हौसाबाईने मला पाट दिला, पाणी दिले आणि म्हणाली, "मास्तर, वायट मानू नकात. माझी पोरां ल्हान आसत." ही बाई माझ्याच शाळेत शिकली. तिला मी काय सांगणार? घरात लहान मुले असती तर मीही कदाचित हेच म्हटले असते. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. एवढेच सांगतो की माझी पत्नी तोंडावर फडके धरते, तिची ताटवाटी वेगळी आहे, आणि त्या होडीत ती आजही सर्वांबरोबरच बसते. होडीत चालते, मग होडीच्या शेजारी राहिलेले का चालू नये?

६. दि. २३ एप्रिलच्या पत्राने दोन संमती नसल्याने तिसरा अर्ज निकाली काढण्यात आला. भूखंड क्रमांक ७ घ्यावा, अन्यथा हक्क सोडल्याचे समजण्यात येईल, असेही त्यात आहे.

७. यापुढील मजकूर अर्जात लिहिण्याची रीत नाही, तरीसुद्धा लिहितो. ते पत्र टपालाने आले तेव्हा पत्नी दारातच बसली होती. तिला वाचता येत नाही, पण सरकारी शिक्का ओळखता येतो. तिने विचारले, "कागद इलो?" मी म्हटले, इलो. तिने वाचून दाखवायला सांगितले. मी पत्र उघडले, पहिली ओळ मनात वाचली आणि मोठ्याने वाचले की तरीलगतची जागा मंजूर करण्यात येत आहे. पुढे भूखंडाचा क्रमांकही सांगितला, तीन. आपली सहीसुद्धा वाचली. सरकारी कागदावर नसलेला हुकूम मी आपल्या नावाने वाचून दाखवला. शिक्षक म्हणून आणि नवरा म्हणून मला याची लाज वाटते. हा गुन्हा असल्यास मी तो येथे कबूल करतो.

८. त्या दिवसापासून ती दोन घास जास्त जेवते. भिंतीवरची सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, तसबीर तिने स्वतः उतरवून चादरीत गुंडाळली, भांडी पोत्यात भरली, आणि रोज सकाळी विचारते, "तरीर ऱ्हवाक कधी जावचा?" मी सांगतो, मोजणी व्हायची आहे. ही थाप जास्तीत जास्त पाऊस सुरू होईपर्यंत टिकेल. त्यानंतर होडी दिवसातून दोनदाच सुटते आणि पुळणीतून खुर्ची नेता येत नाही.

९. म्हणून प्रार्थना अशी की, तरीलगतच्या पट्टीतील भूखंड क्रमांक ३, जो अद्याप कोणास दिलेला नाही, तो अर्जदारास द्यावा. घर मिळत नसेल तर झावळांच्या एका खोपीपुरती जागा द्यावी. त्यात ती व मी राहू, दार खाडीकडे ठेवू आणि कोणाच्या विहिरीला हात लावणार नाही. खोट्या वाचनाबद्दल मला जी शिक्षा द्यायची ती जागा दिल्यावर द्यावी. ते पत्र मी चुकीचे वाचले आहे. ते आता बरोबर करणे आपल्या हाती आहे.

आपल्या हुकमाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
जा. पा. फर्नांडिस

आडबंदर, दि. ७ मे १९६२

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला.
२) पाच घरांच्या संमतीचे अंगठे.
३) आपले दि. २३ एप्रिलचे मूळ पत्र जोडणे आवश्यक होते. ते पत्नीने उशाखाली ठेवले आहे, सबब जोडता आलेले नाही.