कोपीतला सहावा दगड

प्रिय रूपा,

आधी जेव आणि मग हे वाच, असं लिहिणार होते. पण तू माझं कधी ऐकलंयस? धपाटे वरच्या पुडात आहेत, शेंगाची चटणी मधल्या पुडात, आणि खालच्या पुडात फडक्याखाली हे पत्र. सिद्धलिंगप्पा कंडक्टरला मी काही सांगितलेलं नाही. नेहमीसारखा कलबुर्गीला तुझ्या हॉस्टेलच्या फाट्यावर डबा उतरवायचा, एवढंच म्हणाले. त्यानं डबा हातात तोलून बघितला आणि म्हणाला, "अक्का, आज लई जड लागायलाय." मी म्हटलं, परीक्षा जवळ आली आहे, पोरगी सुकली आहे. तो हसला. मी मात्र उगाच पदराला हात पुसत राहिले. घरात फोन असताना ही बाई कागद का खरडते, असं तुला वाटेल. फोनवर हे लिहिता येण्यासारखं नाही म्हणून.

सरळच विचारते. फेसबुकवरचं "माळावरून" हे पेज तुझं आहे ना? तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आता विचारावं लागतंय, कारण ते पेज कोण चालवतं याचा शोध गावात सुरू झालाय आणि शोधणारे आपल्या अंगणापर्यंत आले आहेत. तुझं नाव अजून कुणाच्या तोंडी आलेलं नाही. ते येऊ नये म्हणून मी आईच्या खंडोबाला बोलून बसले आहे, आणि माझा नवसावर किती विश्वास आहे ते तुला माहीत आहे.

कुठून बिघडलं ते मी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या उसवून बघते. तालुक्यात कुणाच्या तरी स्टेटसवरून गोंधळ झाला आणि जिल्ह्याचं नेट बंद झालं, तेव्हा तू येळवशीच्या सणाला घरी आली होतीस. आपल्या माळावरच्या बाभळीखाली महाराष्ट्रातल्या टॉवरची रेंज येते हे गावाला आधीपासून ठाऊक होतं. पण त्या आठवड्यात तिथं जी जत्रा भरली ती अप्पांनी सुद्धा जन्मात बघितली नव्हती. कुणाला कॉलेजचा फॉर्म भरायचा, कुणाला दुबईच्या पोराचं तोंड बघायचं, आडतवाल्याला भाव बघायचे. अप्पा मेंढरं वळवत म्हणायचे, "जनावराला चारा लागतो, माणसाला रेंज." आई कळशी भरून पाणी ठेवायची. पुढाऱ्याचा भाचा अरुणकुमार सुद्धा त्याच बाभळीखाली बसला होता. मामाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ त्यानं तिथूनच वर चढवला आणि आपल्या कळशीतलं पाणी पिऊन गेला. नेट बंद ठेवल्याबद्दल त्याच मामानं भाषणात अधिकाऱ्यांचे आभार मानले होते. तेव्हा आपण दोघी तोंडाला पदर लावून हसलो. 

येळवशीच्या दिवशी रानात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत बसून आपण भांडलो ते मी विसरले नाही. तू म्हणत होतीस, चार टवाळांसाठी सगळ्या जिल्ह्याच्या तोंडाला कुलूप का. मी म्हणत होते, कुलूप बरं. तू तेव्हा लहान होतीस, पण पोरं पळवणाऱ्या टोळीचा निरोप सगळ्यांच्या फोनवर फिरला होता त्या दिवशी मी चावडीपाशी होते. तेलंगणाकडून आलेल्या चादरीवाल्यानं एका लेकराला खाऊची गोळी दिली, तेवढ्यावर काठ्या निघाल्या. अप्पांनी आपलं घोंगडं त्याच्या अंगावर टाकलं, त्याला पोटाशी धरून बसले आणि तेलुगूत त्याच्याशी बोलत राहिले, पोलीस येईपर्यंत. एक दगड अप्पांच्या खांद्याला लागला. तो खांदा थंडीत अजून उचलत नाही. दगड मारणारे परके नव्हते गं, माझ्याकडं ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्यांच्या घरातले होते. त्या दिवशी नेट बंद असतं तर, असं मी म्हणाले. तू म्हणालीस, बंद असतं तरी अफवा तोंडानं पळालीच असती, खरं सांगणारा निरोप मात्र फोनमध्ये अडकून पडला असता. आपला आवाज चढला तेव्हा आई भज्जीचा डाव हातात घेऊन ओरडली, "कामून भांडायलाव गं, सणाचं? गप आंबील प्या." आपण प्यालो. भांडण तिथंच राहिलं असं मला वाटलं.

नेट सुरू झाल्यावर मशीनवर आलेल्या बाईनंच मला ते पेज दाखवलं. "वाच अक्का, कोण लिहायलंय बघ, आपल्याच भागातलं दिसतंय." मी वाचत गेले. नेट बंद झाल्यानं कुणाची मजुरी अडकली, कुणाचा दवाखान्याचा नंबर गेला, सगळं नाव न घेता. शेवटी एक प्रश्न: सगळ्यांचं बंद होतं तेव्हा वाढदिवसाचा व्हिडिओ कुणाच्या रानातून चढला? आणि मधेच, "एक बाई म्हणते" असं लिहून माझं म्हणणं. चादरीवाला, काठ्या, घोंगडं, सगळं. खाली कुणीतरी त्या बाईला अडाणी म्हणालं होतं. त्याला पेजवरून उत्तर होतं, की त्या बाईनं जे डोळ्यांनी बघितलंय ते तुम्ही बघितलेलं नाही, तिचं मला पटत नाही पण तिचं भय खरं आहे. रूपा, मला आजवर कुणी इतक्या मानानं खोडून काढलं नव्हतं. मला रडू आलं. मी त्या बाईला सांगितलं की दोरा डोळ्यात गेला.

मग खालचा फोटो बघितला आणि रडू जागच्या जागी थांबलं. तू केवढं जपून काढला होतास. माणसं नाहीत, बाभळ नाही, वाट नाही, नुसती कोपीची आतली बाजू, आंबिलीचं मडकं आणि चुना-काव लावलेले दगड. पण दगड सहा. साऱ्या मुलखात कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडतात. सहावा एकट्या काशाप्पाच्या, म्हणजे आपल्या अप्पांच्या कोपीत असतो, दाराशी, बाहेर तोंड केलेला. आपल्या आज्जाचा काळ्या नावाचा कुत्रा लांडग्यांशी झुंजून कळपापाशी मेला, तेव्हापासून त्याची आंबील त्याला मिळते. गाव दरवर्षी चेष्टा करतं, "पाच पांडव अन् काशाप्पाचं कुत्रं." तुला तो दगड वेगळा वाटलाच नसणार. जन्मापासून बघत आलीस, सगळ्यांकडं असतो असंच तुझ्या डोळ्यांना वाटलं असेल. मी असते तर मीही तोच फोटो टाकला असता.

तेव्हापासून आमचे दिवस कसे चाललेत ते सांगते. गावाच्या ग्रुपवर तो फोटो मोठा करून, सहाव्या दगडाला लाल गोल काढून कुणीतरी टाकला. खाली कुणी काहीच लिहिलं नाही. ज्या ग्रुपवर म्हैस व्याली तरी पन्नास अंगठे येतात, तिथं दिवसभर शांतता. मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. दुसऱ्या दिवशी एक बाई न कापलेलं कापड परत घेऊन गेली; म्हणाली, घाई नाही, नंतर टाकीन. दाराशी मोटरसायकल हळू होते आणि पुढं जाते. आई भांडी घासताना मधेच हात थांबवून ऐकत राहते. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावच्या पोरानं स्टेटस ठेवलं म्हणून त्याला गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावली होती, तो व्हिडिओ अजून फिरतोय. पोरगं गाव सोडून गेलं, व्हिडिओ राहिला. तू मुलगी आहेस, आणि हॉस्टेलवर एकटी आहेस. मुलींना नुसतं गुडघ्यावर बसवून सोडत नाहीत. तुझ्याबद्दल काय काय लिहितील, तुझ्या फोटोचं काय काय करतील, ते मनात आलं की माझी सुई कापडाऐवजी बोटात जाते. तक्रार कर, कायदा आहे, असं तू म्हणशील. होणाऱ्या वकीलीणबाई, कायदा असेल. पण तो कलबुर्गीहून आपल्या गावाला पोचेपर्यंत शेवटची बस निघून गेलेली असते.

परवा ते आले. अरुणकुमार आणि आणखी चौघं. चपला काढून ओट्यावर बसले, आईनं चहा दिला तो प्याले. त्यानं फोन अप्पांसमोर धरला आणि गोड आवाजात विचारलं, "काका, हे दगड वळखू येत्यात का? फोटो कुणी काढला? त्या दिशी कोण कोण होतं रानात?" मी मशीनमागे उभी होते. कोण कोण होतं याचं उत्तर माझ्या जिभेवर होतं, माझं स्वतःचं नाव पुढं करावं असंही वाटलं. पण मी हातातल्या कापडाची घडी घालत राहिले. अप्पांनी चष्मा लावून फोटो निवांत बघितला. म्हणाले, "दगड माझे, कुत्रं माझं, फोटोबी माझाच. समदं म्याच लिवलंय. म्या बोलतो, फोन लिवतो." मेंढरांचे भाव ते तोंडानं बोलूनच फोनला विचारतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून त्यांना लगेच खोटं ठरवता येईना. अरुणकुमारनं आपला फोन खिशात घातला. त्याला पटलं नाही हे मला दिसत होतं. पण त्याला खरं कोण यापेक्षा हात जोडलेलं कुणीतरी हवं होतं. येत्या बाजारी, भर बाजारात, अप्पांनी माफी मागायची आणि ते त्याचा व्हिडिओ काढणार, असं ठरलं. जाताना अप्पांचा फोन घेऊन गेला. म्हणाला, "बाजारापर्यंत हा माझ्यापाशी. तवर पेजवर एक अक्षर जरी नवं आलं, तर म्हाताऱ्यानं कुणाला तरी लपवलंय असं समजू. मग काढू हुडकून."

म्हणून हा डबा, रूपा. अप्पांचा फोन पाण्यात पडला असं मी तुला कळवलं ते खोटं. त्या नंबरावर फोन लावू नकोस, पलीकडून अरुणकुमार बोलेल. पेजवर काही लिहू नकोस, आणि ते मिटवूही नकोस. बाजारी इकडं येऊ नकोस. हे सगळं माझं सांगणं. अप्पांचं वेगळं आहे. काल त्यांनी मला जवळ बसवून तुझं सगळं लिखाण वाचून घेतलं, पहिल्यापासून. भर बाजारात कुणी काही विचारलं तर आपलंच आहे असं बोलता आलं पाहिजे, म्हणाले. चादरीवाल्याचं आलं तेव्हा खांद्यावर हात ठेवून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आता ह्यात माफी कशाची मागायची तेवढी वळ दाव, म्हंजी तेवढीच म्हणीन." मी ती ओळ वरखाली शोधत राहिले. मला सापडली नाही. मग म्हणाले, "रूपाला हुकूम देऊ नगो. इचार." म्हणून विचारते. कुणाचा डबा रिकामा परत करू नये असं आईनं आपल्याला शिकवलं, आणि तू नेहमी त्यात चिमूटभर साखर घालून पाठवतेस. गप्प राहणार असशील तर या वेळी घालू नकोस. साखर आली तर समजेन की तू लिहिणार आहेस. मी अप्पांना तसं सांगेन, आणि आम्ही दार लावून घेऊ. अप्पा काही बोलणार नाहीत, मला वाटतं थोडे खूशही होतील. मी त्यांच्याएवढी मोठी नाही गं. उद्या फाट्यावर उभी राहून मी बसची वाट बघणार आहे, आणि डबा रिकामाच यावा असं मला वाटतंय.

तुझीच,
साखरेला भ्यालेली
अक्का