डोहाळजेवणाची साडी

मु. देवास

ती. आईस अल्पनाचा नमस्कार.

फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहिते. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हार्मोन पुरेसं आहे. पण त्याच्या हाकेला गर्भाशयातली जनुकं जागीच होत नाहीत, म्हणून गर्भ रुजत नाही. सासूबाईंना समजावलं. म्हणाल्या, "मतलब वांझच ना?"

त्या परक्या. पण आपल्या घरी धारला शिवानीवहिनीचं डोहाळजेवण झालं, हे मला तिच्या स्टेटसवरून कळावं? माझ्या हातची ओटी तुलाही अशुभ वाटली?

सोबत बाग गावच्या छापाची साडी पाठवते आहे, वहिनीसाठी. माझं नाव सांगू नकोस, आणि जमलं तर तूही विसर. म्हणजे तिला नेसू देशील.

तुझीच लेक,
अल्पना