डाव्या दंडाचा पट्टा

प्रिय चिमे,

परवा जावईबापूंचा फोन आला होता. तू कामावर जात नाहीस, बाबांच्या बीपीचा तो आलेख पुढ्यात घेऊन दिवसदिवस बसतेस आणि सोमवारी राजीनामा देणार आहेस, असं म्हणाले. फोनवर तू रडायला लागलीस की माझी जीभ जड होते, म्हणून लिहिते आहे.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे; पण ठीक नाही. काल त्यांच्या कामाच्या बुटांना पॉलिश केलं आणि मग कशाला केलं म्हणून पायरीवर बसून राहिले.

तो दिवस मला तासातासाने आठवतो. रोजच्या धावपळीत माणसाचं बीपी कसं वरखाली होतं, याची तुमची पाहणी चालली होती. माणसं कमी पडत होती, म्हणून तू बाबांना गळ घातलीस. सकाळी येऊन तूच त्यांच्या डाव्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा चोवीस तासांसाठी बांधलास. तो दर अर्ध्या तासाने फुगणार, तेव्हा हात सैल सोडायचा आणि वहीत लिहायचं: कुठे आहे, काय करतो आहे, मन कसं आहे. बाबा म्हणाले, "मन? त्याची हजेरी कारखान्यात लागत नाही." तू हसत हसत गेलीस.

पुढच्या आठवड्यात तू आलेख घेऊन आलीस. बीपी एकदम छान, आणि क्रेनवर असताना तर सगळ्यात छान. तू विचारलंस, "बाबा, हे कसं हो?" ते म्हणाले, "तिथे वर तुझी आई नसते ना!" आपण सगळे हसलो. मीसुद्धा हसले. काळजीचं काही नाही, असं तू सांगितलंस. तीन महिन्यांनी ते क्रेनच्या शिडीपाशी कोसळले, ते परत उठलेच नाहीत. बीपीचा त्रास किती वर्षांचा, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, नव्हताच. तेव्हाही मी गप्प राहिले.

चिमे, तो आलेख माझा आहे. तू कोपऱ्यावरून वळलीस आणि त्यांनी पट्टा सोडून माझ्यापुढे धरला. "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. आकडा वर गेला तर मला खाली उतरवून फाटकावर बसवतील." हे आकडे कारखान्याला कळवत नाहीत, असं तुझ्या माहितीपत्रकात होतं. मी ते वाचलं होतं, त्यांना एकदा सांगितलंही. ते म्हणाले, कागदावर काहीही लिहितात. मग मी हात पुढे केला. दिवसभर मी भाजी निवडली, कपडे धुतले आणि कागदावर लिहीत गेले, 'क्रेनवर. मन शांत.' संध्याकाळी त्यांनी ते आपल्या अक्षरात वहीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू यायच्या आधी पट्टा परत त्यांच्या दंडावर गेला. उठल्या उठल्या त्यांचं डोकं ठणकायचं, हे मला वर्षभर माहीत होतं. तुला आम्ही कळू दिलं नाही.

तू काहीच चुकीचं वाचलं नाहीस. तुझ्यासमोर एका धडधाकट बाईचे आकडे होते. हे पत्र तुझ्या वरिष्ठ बाईंना दाखव आणि ते आकडे पाहणीतून काढायला सांग. त्या काय म्हणतील, तू काय म्हणशील, ते मी ऐकून घेईन. वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण सोमवारी राजीनामा देऊ नकोस. कामावर जा.

तुझीच,
आई